पेरभर खोल

बर्फाच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली मी,
मिरकरवाड्याच्या उतारावर.
अमोनियाचा वास, खारट पाण्याची टाकी,
तिच्यात उभे बुडवलेले डबे,
आणि दिवसभराने एकेक लादी
घसरत क्रशरच्या तोंडाशी.
काम एकच : कुजू द्यायचं नाही.
सुरमई असो, बांगडा असो,
घाट चढून जाईपर्यंत
डोळा ताजा दिसला पाहिजे.

निवृत्त झालो तेव्हा शेठनी शाल दिली.
मी मागून घेतल्या
थर्माकोलच्या सात जुन्या पेट्या.
प्रमिला म्हणाली, आता घरात मासे गोठवणार?
म्हटलं, भाजी लावणार.
ती हसली नाही.
हसली असती तर बरं होतं.

कुवारबावच्या पुढे भावाचं परडं आहे,
तिथून दोन गोणी माती आणली रिक्षाने.
रिक्षावाल्याने मातीचं वेगळं भाडं घेतलं.
गच्चीवर ओतली तेव्हा दिसलं,
पांढऱ्या पेटीत
आपली माती किती लाल असते ते.

माठ, भेंडी, मिरची, वाली,
सगळं एकाच संध्याकाळी पेरलं.
पाणी घातलं दोन्ही वेळा, मोजून, ड्युटीसारखं.
सहाव्या दिवशी वास आला.
ज्याच्याशी उभा जन्म भांडलो
तोच वास, माझ्याच गच्चीवर.

खालच्या मजल्यावरची खैरूनचाची
सुकट वाळवायला वर आली होती.
पेटी कलती करून म्हणाली,
"अवो बर्फवाले, हिला भोक कुठाय?"

भोक!
थेंब गळाला तरी पेटी बाद करायचो मी.
एकेका भोकापायी पोरांना काय काय बोललोय.
त्या रात्री गॅसवर स्क्रू-ड्रायव्हर लाल केला
आणि प्रत्येक तळाला पाच भोकं पाडली.
हात थरथरला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी चाचीने बादली आणून ठेवली,
डोकी, शेपट्या, खवले, धुवण.
"ह्ये खाली पुरा, वर माती टाका, आनि कुजू द्या."
मी नुसता बघत राहिलो.
"बघताय काय? कुजल्याशिवाय रुजतंय काय?"

मग विचारलं, बी किती खोल?
"एक पेर."
मी डावी करंगळी पुढे केली.
तिचं वरचं पेर क्रशरने नेलं, नव्याण्णव साली.
त्या दिवशीची ती चुऱ्याची खेप
कुठल्या होडीवर गेली, कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
चाची थोडी थांबली. म्हणाली,
"दुसऱ्या बोटाने पेर."

मी मुद्दाम त्याच बोटाने पेरलं.
थोडं उथळ झालं असेल.

चौथ्या दिवशी माठ आला,
लाल टाचणीच्या डोक्यांएवढा, गर्दी करून.
भेंडीच्या कडा खाऱ्या वाऱ्याने करपल्या,
तर कठड्याला फाटकं जाळं बांधलं दुहेरी.
वालीने ते आपल्यासाठीच आहे असं धरून
वेटोळं घातलं.
मिरची रुसून बसली आहे अजून.
तिची काय अडचण आहे कळत नाही.

पहिली जुडी खुडली ती ओंजळीत मावेना.
प्रमिलाने कढईत टाकली, कांदा, ओलं खोबरं,
आणि झाकण काढलं तर
मूठभर.
"एवढीच?"
"एवढीच."
"बाजारात दहा रुपयाला याच्या तिप्पट मिळते,"
म्हणाली, आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने
ताटाला लागलेला लाल रस पुसून घेतला.
चाचीची वाटी तिनेच भरून ठेवली होती, आधीच.

काल रात्री झोप येईना म्हणून गच्चीवर गेलो.
बंदरात लाँचींचे दिवे, कारखान्याचा भोंगा.
वारं गार सुटलेलं.
मातीत बोट घातलं, अर्धंच जातं ते,
तर आत कोमट.
दुपारचं ऊन धरून बसली होती पेटी
तशीच, जसा बर्फ धरून बसायची.

वांग्याची रोपं सोमवारी यायची आहेत.
दोन पेट्या कमी पडतायत.
शेठना फोन करायला हवा.